मधली जागा धरून

तवसाळच्या धक्क्यावर सकाळचे साडेसात.
फेरीबोट पलीकडे, जयगडला,
तोंड उघडून बसलेली.
आणि माझ्या गाडीमागे उकिडवे
मोटार वाहन निरीक्षक श्री. अधटराव.
हातात पिवळी फीत. दुसरं टोक धरायला माणूस नाही,
म्हणून ते मीच धरलेलं.

आपल्याच गुन्ह्याचं टोक
असं चिमटीत धरून मी उभा.

गाडी म्हणजे लिलावातली बस,
जी मी एकोणीस वर्षं गुहागर-चिपळूण चालवली
तिचीच सख्खी बहीण.
आत दोन बर्थ, एक शेगडी, उभ्यानेच करायची आंघोळ,
मागच्या काचेला सुमित्राच्या जुन्या पातळाचा पडदा.
कागदावर मोटर कॅरॅव्हॅन.
आमच्या आळीत : बिऱ्हाड.

आणि मागे, ट्रेलरवर, पगार.
दर एक तारखेचा नव्हे, तो मी खाऊन संपवला.
ही बाबांची होडी, तिलाही पगारच म्हणतात,
एका आंब्याच्या बुंध्यातून कोरलेली.
उलांडी सोडून आत बर्थवर निजवलीय,
कारण रुंदीचा कायदा निराळा,
तो मी वाचून आलो होतो.

लांबीचा वाचला नव्हता.

"बस धरली," साहेब म्हणाले. "ट्रेलर धरला.
होडीचं शेपूट बाहेर येतंय, तेही धरलं.
आणि ही दांडी."
दांडीवर काय आहे साहेब? नुसता वारा.
पलीकडचं सुरूचं बन दिसतंय आरपार.
"रिकामी जागापण धरतात," ते म्हणाले,
पुस्तकातल्या ओळीखाली नखाने रेघ ओढत.
"बंपरपासून शेवटच्या टोकापर्यंत. मधली जागा धरून."

चौदा सेंटिमीटर जास्त.

एक वीतसुद्धा नाही.
वाटणीच्या वेळी मोजणीदाराने
यापेक्षा जास्त इकडचं तिकडे केलं होतं.
रस्ता माझा, मी नोकरीचा.
दर्या धाकट्याचा, तो आधीच तिकडे देवगडला.
होडी मात्र थोरल्याची, असं मीच म्हणालो,
आणि अकरा वर्षं ती पडवीत ठेवली,
तिच्यात सुमित्राने कांदे पसरले.

साहेब पावतीपुस्तक काढतात.
कार्बन सरळ करतात, दोनदा.
खिशात फोन वाजतो.
भालचंद्र. एवढ्या वर्षांत तिसऱ्यांदा.
"निघालास काय? किती लांब?"

काय सांगू.
मी फितीवरचा आकडा सांगितला.
पलीकडे जरा वेळ काहीच नाही,
मग तो हसला, बाबांसारखा, नाकातून.

तेवढ्यात फेरी लागली. कादिर मुजावर उतरला,
होडीभोवती एक चक्कर मारली,
म्हणाला, "चौदाच ना? दोर सोडा चाचा.
फुडं ढकलूया, दांडीवर.
जागा हाय की तिथं, फुकट धरलेली."

मग कादिर, त्याची दोन पोरं, मी,
आणि कॅप ट्रेलरवर ठेवून
खांदा लावलेले श्री. अधटराव.
होडी हलेना. मग हलली.
कुठल्याशा फटीतून एक वाळका कांदा पडला.

फीत पुन्हा. टोक पुन्हा माझ्याकडे.
बसलं. नुसतं बसलं नाही, दोन बोटं उरली.
साहेबांनी कोरी पावती पुस्तकात तशीच मिटली,
आणि जाता जाता म्हणाले :
"आता ती काचेला चिकटलीय. वळणावर लागेल.
वळणं सावकाश घ्या."

जयगडचा चढ. पहिल्या गिअरवर.
आरशात मागची काच दिसते,
पडदा बाजूला सरकलेला,
आणि प्रत्येक वळणाला
होडीचं नाक आत डोकावतं,
किती लांब, किती लांब विचारत,
लागतं लागतं म्हणेपर्यंत
पुन्हा सरळ होतं.